कोणतेही मेदाम्लेय

चूक तुमच्या कार्यालयाची होती, ती तुम्हाला माहीत होती, आणि तरी तुम्ही ती पुन्हा छापली. या वेळी गुळगुळीत कागदावर, रंगीत मुखपृष्ठ घालून. मुखपृष्ठावर एक बाई साबणाची वडी हातात धरून हसतेय. तिने ती जिभेला लावलेली नाही, म्हणून हसतेय.

तुमचे साहेब आमच्या बोंडेटोल्यात येऊन साबण जिभेला लावून गेले, त्याला बरीच वर्षं झाली. तुमच्या दप्तरात ते नसणारच. म्हणून मी लिहिते. मी सातवीपर्यंत शाळेत गेले, पुढचं सगळं रद्दीतली पुस्तकं वाचून शिकले. माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका. आधी स्वतःची काढा.

"वाच वो रेवंता, पुन्हा वाच," भागरतामावशी म्हणाली होती.

ग्रामपंचायतीच्या जुन्या बियाण्याच्या खोलीत आम्ही बायका भिंतीला टेकून बसलो होतो. मधे साबण कसा करायचा ते सांगणारी तुमची पुस्तिका. बचत गटातल्या बायकांत धड वाचता येणारी मी एकटी, म्हणून ती माझ्या हातात. मी पुन्हा वाचलं :

"कोणतेही मेदाम्लेय शंभर भाग घ्यावे. अठरा भाग दाहक सोडा पाण्यात विरघळवून त्यात हळूहळू ओतावा. मिश्रण मधासारखे घट्ट होईपर्यंत ढवळावे."

"दाहक सोडा म्हणजे कास्टिक," मी म्हणाले.

"ते समजलं. त्याच्या आधीचं काय म्हणते?"

"मेदाम्लेय."

"बाईचं नाव होय का?"

"नाही वो. वस्तू होय. शंभर भाग घ्यायची."

"मंग दुकानात मागू ना," सुगंधा म्हणाली. सुगंधा आमच्यात सगळ्यात तरुण आणि सगळ्यात चपळ. बोलता बोलता उठली, चपला घालून दुकानात गेली आणि तशीच परत आली.

"काय म्हणते दुकानदार?"

"संपलं म्हणते. शनिवारच्या बाजाराले येईन म्हणते."

आमच्या दुकानदाराने कुठल्याच गिऱ्हाइकाला आयुष्यात नाही म्हटलं नव्हतं.

तुम्ही विचाराल, प्रशिक्षणात का नाही विचारलं? विचारलं ना. तालुक्याला तुमचं प्रशिक्षण होतं. साहेब सकाळपासून स्वावलंबनावर बोलत होते. साबणाची चित्रं दाखवली, साबण नाही दाखवला. मी उभी राहून विचारलं, "साहेब, मेदाम्लेय म्हणजे काय?" साहेबांचा चेहरा फुलला. "वा! फार छान प्रश्न. शेवटी घेऊ." शेवटी चहा आणि चिवडा आला. चिवडा संपेपर्यंत जीप गेली होती.

मग आम्ही खुणे गुरुजींकडे गेलो. गुरुजी ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा पुसला, शब्द एकदा मनात वाचला, एकदा मोठ्याने वाचला.

"मेद म्हणजे चरबी," ते म्हणाले. "आम्ल म्हणजे आंबट."

"मंग?"

"मंग आंबट चरबी."

"ती कुठी भेटते गुरुजी?"

"ते मले नको विचारू बाई. मी शब्द फोडून देला. भरायचा तुमचा तुम्ही."

परत येताना मावशी पुढे चालत होती. खोलीच्या दाराशी येऊन थांबली. कमरेची डबी काढली, बोटावर गुडाखू घेतला आणि हिरड्यांवर घासला. काळी, तंबाखूची ती लगदी घासल्याशिवाय मावशीला कुठलाच निर्णय घेता येत नसे. थुंकून झाल्यावर म्हणाली, "आधी कोणता शब्द लिवला हाय?"

"कोणतेही."

"कोणतेही म्हणजे कोणतेही. आपल्या घरी मोहाचं तेल हाय. तेच घ्या. सायबानं सूट देली हाय आपल्याले."

मोहाची फळं आमच्या गावात पावसासारखी पडतात. त्यांच्या बियांचं तेल हिवाळ्यात तुपासारखं गोठतं. दिव्याला, भाजीला, दुखऱ्या गुडघ्याला, सगळ्याला तेच. आम्ही त्याच तेलाचा साबण करायचा ठरवला.

आता खोलीचं सांगते, कारण भांडण साबणाचं नव्हतंच, खोलीचं होतं.

ती खोली रिकामी झाल्यापासून सरपंच यादोरावांच्या पुतण्याचा, गुलाबचा, तिच्यावर डोळा होता. गुलाबने नागपूरहून रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आणला होता. खोलीला काळा पडदा लावायचा, तिकीट लावायचं आणि रोज तीन सिनेमे दाखवायचे, असा त्याचा बेत. गळ्यात एक कॅमेराही असे त्याच्या. लग्नाबारशाचे फोटो काढायचा, त्यात निम्म्या लोकांची डोकी नसायची.

आम्ही ती खोली मागत ग्रामसभेत बसून राहिलो. उठलोच नाही. पुरुषांना जेवायला घरी जायचं होतं आणि स्वयंपाक करणाऱ्या बाया तर सभेत बसलेल्या. शेवटी यादोराव म्हणाले, "बरं बाप्पा. साबणाच्या उद्घाटनाले सायेब येऊन रायले ना? सायबानं साबण पास केला, तर खोली तुमची. नापास केला, तर गुलाबची. सायेब म्हणतीन ते मले मंजूर. झालं समाधान?"

"झालं," मावशी म्हणाली. "पण मंग फिरू नका जी."

"यादोराव फिरत नसते."

आम्हाला चार भिंती पाहिजे होत्या. घरात कास्टिक ठेवायचं कुठे? चुलीजवळ? पाळण्याजवळ? आणि खरं सांगू का, आम्हाला साबणाइतकीच त्या दाराची कडी आवडली होती. आतून लावता येत होती. बोंडेटोल्यात बायकांनी आतून लावावी अशी दुसरी कडी नव्हती.

पुस्तिकेप्रमाणे काम सुरू झालं. शंभराला अठरा. ताजव्यात तोलून, काटा थरथरायचा थांबेपर्यंत वाट बघून. कास्टिक पाण्यात टाकलं की पाणी आपोआप तापायचं, सुगंधा प्रत्येक वेळी "माय वो" म्हणून मागे सरकायची. तेलात ओतलं, बांबूने ढवळलं, लाकडी साच्यात घातलं. दोन दिवसांनी साचा उघडला तर साबण दगडासारखा. तारेने कापताना वड्यांचे कोपरे तुटत होते.

"पाहा!" मावशी म्हणाली. "शहरातला साबण एका आठवड्यात विरघळते. हा नातवंडायच्या लग्नापर्यंत पुरन."

मग तिने वडी उचलली, पदराने पुसली आणि तिला जीभ लावली.

हे तुमच्या पुस्तिकेत नव्हतं. मावशी तरुणपणी तुमसरकडे एका साबणाच्या कारखान्यात झाडलोट करायची. तिथला मिस्त्री मसाल्याचं माप कुणाला दाखवत नसे, दार लावून तोलायचा. पण वडी कापली की सगळ्यांसमोर तिला जीभ लावायचा. जिभेला चावली की परत कढईत. नाही चावली की गाडीत. मावशीला त्या कारखान्यातलं एवढंच माहीत होतं, पण तेवढं पक्कं माहीत होतं.

आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"चावते का वो?"

मावशीने जीभ टाळूला लावून टकटक केलं. "कायचं चावते? काहीच नाही. लोण्यावानी हाय."

मी त्या दिवशी घरी जाऊन तुटका तुकडा वापरून नवऱ्याची लुंगी धुतली. लुंगी पांढरी झाली. अडचण एवढीच की ती निळी होती. आणि माझ्या बोटांची सालं निघाली, उकडलेल्या बटाट्यासारखी.

दुसऱ्या दिवशी हात मावशीसमोर धरले. "मावशी, हा साबण कच्चा हाय. चावून रायला."

"तुले चावला असन. तू पुस्तकं वाचते. पुस्तकं वाचणाऱ्याचे हात नाजूक होते."

"लुंगीनं कोणतं पुस्तक वाचलं?"

सुगंधा हसली. मावशीने तिच्याकडे असं पाहिलं की तिने हसू गिळलं.

"हे पाय रेवंता," मावशी म्हणाली, "पुस्तिकेत अठरा लिवलं, अठरा घातलं. मिस्त्रीनं जीभ लावाले सांगितली, जीभ लावली. दोन्हीकडून पास. आता तुया बोटासाठी सायबाचं माप बदलू का मी? किती करू? सतरा? बारा? तुले मालूम हाय?"

मला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. अर्थ समजला असता तर माप समजलं असतं, एवढंच मला कळत होतं. मी ठरवलं, साहेब येऊ देत. या वेळी चहाच्या आधी विचारायचं.

साहेब आले. जीपमधून उतरले तेव्हा सफारी सूटवर एक सुरकुती नव्हती आणि हातात भाषणाचा कागद होता. दारावर मावशीच्या जुन्या लुगड्याचा काठ फीत म्हणून बांधला होता. गाव जमलं होतं. निंबाच्या झाडाखाली एक बंडी उभी होती, बैल सोडलेले, आणि बंडीत घोंगडीखाली काहीतरी चौकोनी.

"ते काय होय?" मी गुलाबला विचारलं.

"टीव्ही," तो म्हणाला. "उगाच दोन चकरा कायले मारा? इकडे सायबानं नापास केलं का तिकडे आत घेतो. रात्री पहिला खेळ. बाया फुकट, काकू." आणि कॅमेरा साफ करायला लागला.

फीत कापून झाल्यावर मी साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"साहेब, मेदाम्लेय म्हणजे काय?"

त्यांनी मला ओळखलं. खरंच सांगते, आनंदाने ओळखलं. "तुम्हीच ना त्या? अहो, हा शब्द मी स्वतः घडवला आहे. परदेशी शब्दांची उसनवारी किती दिवस करायची आपण? मराठीत शास्त्र यायला नको?"

"यायला पाहिजे जी. पण आत कोण आलं ते तर सांगा."

"भाषणात तोच मुद्दा आहे," कागद हलवत ते म्हणाले. "पहिलंच वाक्य. पाच मिनिटं धीर धरा."

मी धरला. पाचच मिनिटं होती.

मावशीने ताटात हळदीकुंकू लावलेल्या वड्या आणल्या. एक उचलली, सगळ्या गावाला फिरवून दाखवली आणि जीभ लावली. चांगली लांब, जनावराने मीठ चाटावं तशी. "चावत नाही!" तिने जाहीर केलं. "साबण पक्का!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. यादोराव खुर्चीत सरसावून बसले.

"बाईनं चाटलं, मी पायलं," ते म्हणाले. "पण साबण तिचा, जीभही तिचीच. घरचीच साक्ष झाली ना ही? सायेब, तुमीच तपासा."

"तपासायचं काय त्यात?" साहेब हसले. "सूत्र माझं आहे."

"नाही, भीती वाटत असन तर रायू द्या."

"भीती?" साहेबांनी कागद खिशात ठेवला. मावशीच्या हातून नवी वडी घेतली. "ज्या शास्त्रावर आपला विश्वास आहे, ते जिभेवर घ्यायला भीती कसली? गुलाबराव, फोटो घ्या. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत घालू."

गुलाबला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी गुलाबराव म्हटलं होतं. तो गुडघ्यावर बसला. "रेडी सर."

साहेबांनी जीभ लावली.

"थांबा सर! फ्लॅश नाही पेटला. तशेच राहा. हलू नका."

साहेब तसेच राहिले. एक डोळा कॅमेऱ्याकडे, एक वडीकडे. पहिल्यांदा त्यांच्या भुवया वर गेल्या. मग कान लाल झाले. मी कान बघत होते, कारण सुरुवात कानांपासून झाली.

"जीभ जराशी बाहेर सर. वडीनं तोंड झाकून रायलं. हां. एक मिनिट, सेल ढिले हाय."

"गुलाब, बस कर," मी म्हणाले.

"काकू, एकच!"

फ्लॅश पेटला. साहेबांनी जीभ आत घेतली, आणि ती आत मावेना. त्यांनी एक हात वर केला. गावाला वाटलं आशीर्वाद देत आहेत, दोनचार म्हाताऱ्यांनी हात जोडले. मग साहेबांनी टेबलावरचा पूजेचा तांब्या उचलला आणि झेंडूच्या फुलासकट तोंडाला लावला. फूल त्यांनी नंतर हळूच काढून टेबलावर ठेवलं. शिकलेला माणूस, कितीही झालं तरी कचरा खाली टाकत नाही.

"आता भाषण!" खुणे गुरुजी म्हणाले. ते मागे बसले होते, त्यांना काही दिसलं नव्हतं.

साहेब उठले. कागद उघडला. तोंड उघडलं.

"भगि... थ... नीन... थो..."

आणि थांबले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"भरून आलं त्यायले," एक म्हातारी म्हणाली. "आपल्यासाठी कोण रडते बाई!"

यादोरावांना मात्र कळलं होतं. ते उठून साहेबांच्या अगदी जवळ गेले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात गोडपणे म्हणाले, "सायेब, मंग काय? साबण पास का नापास?"

गुलाब बंडीकडे निघालासुद्धा. घोंगडी अर्धी काढली. काचेत उन्हाची तिरीप चमकली. सुगंधाने माझा दंड घट्ट धरला. मी मावशीकडे पाहिलं. ती साहेबांच्या तोंडाकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं जे मी तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. तिची डबी हातात होती, पण उघडत नव्हती.

मग मी टेबलाजवळ गेले. मी चिडले होते. साहेबांवर, मावशीवर, त्या शब्दावर, माझ्या सालं निघालेल्या बोटांवर. मी चिडले की माझी भीती पळते. हे माझ्या सासूला आधीपासून माहीत होतं, गावाला त्या दिवशी कळलं.

"साहेब, बोलू नका," मी म्हणाले. "तुम्हाला त्रास होतो. नुसती मान हलवा. हा साबण आम्ही तुमच्या पुस्तिकेप्रमाणे केला. कोणतेही घ्या म्हणालात, आम्ही आमचं घेतलं. शंभराला अठरा. चिमूटभर इकडे नाही की तिकडे नाही. हे सगळ्या बाया शपथेवर सांगतील."

"शपथेवर!" बाया म्हणाल्या.

"म्हणजे साबण नापास असेल तर पुस्तिका नापास. गुरुजी, पुस्तिका घ्या आणि लेखकाचं नाव वाचा."

गुरुजींनी चष्मा पुसला. त्यांना वाचायला सांगितलेलं फार आवडायचं. "संकल्पना, लेखन आणि परिभाषा," त्यांनी सुरुवात केली आणि पुढे नाव, पदवी, हुद्दा, सगळं वाचलं. नाव मी इथे लिहीत नाही. तुमच्या मुखपृष्ठावर अजून आहे.

"ऐकलं साहेब? आता सांगा. यादोराव विचारून रायले. पास की नापास?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तिकेकडे. मग यादोरावांकडे, बंडीकडे, ताटातल्या वड्यांकडे. तोंडातलं पाणी त्यांनी गिळलं, आणि त्या गिळण्याचा त्रास आम्हा सगळ्यांना दिसला.

आणि त्यांनी मान हलवली. उभी. एकदा, आणि मग यादोरावांनी "सायेब, नीट पाहून" म्हटलं तेव्हा रागाने आणखी दोनदा.

बायकांनी जो ओरडा केला त्याने बंडीचे बैल दावं तोडून पळाले. गुलाब टीव्ही धरून बसला. यादोराव खाली बसले आणि म्हणाले, "मी तर आधीच म्हणत होतो, बाया हुशार हाय आपल्या."

गोंधळात मी साहेबांच्या कानाशी गेले. "आता तेवढा अर्थ सांगा. मेदाम्लेय म्हणजे काय?"

त्यांनी बोट तोंडाकडे केलं.

मावशीने घरून दह्याचा कटोरा आणला. साहेबांनी तो उभ्याउभ्या संपवला, शेवटचा घास गालात धरला आणि तसेच जीपमध्ये बसले. जीप वळताना त्यांनी मला हात केला. तो निरोपाचा होता की "शेवटी घेऊ"चा, ते मला आजवर कळलेलं नाही.

सगळे गेल्यावर आम्ही खोलीत गेलो. सुगंधाने आतून कडी लावली, उघडली, पुन्हा लावली. नुसतीच, मजा म्हणून. मावशी पोत्यावर बसली होती. पुढ्यात वडी.

"रेवंता," ती म्हणाली, "तू लाव बरं जीभ."

"मी? साहेबांचं पायलं ना तू?"

"जराशी. टोकाले."

मी टोकाने शिवलं. वीज उतरली. मी मडक्याकडे धावले, चूळ भरली, पुन्हा भरली. मागे वळून पाहिलं तर मावशी त्याच वडीवरून जीभ फिरवत होती. हळू, शोधत असल्यासारखी. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

"मले काहीच नाही लागून रायलं वो," ती म्हणाली.

मावशी उकळता चहा बशीत न ओतता प्यायची, हिरव्या मिरच्या काकडीसारख्या चावायची. आम्हाला त्याचं केवढं कौतुक होतं. पाहुण्यांना सांगायचो. ती डबी इतकी वर्षं तिच्या कमरेला होती, आणि आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"मेली का वो माही जीभ?" मावशी म्हणाली.

सुगंधा रडकुंडीला आली. मी म्हणाले, "मेली नाही. गुडाखूनं निजली हाय. पण बोलाले चालते ना? बोलाले तर तू गावाले भारी हायस."

मावशीने मला आईवरून एक शिवी दिली, आणि मला बरं वाटलं.

मग तिने पदर खोचला. "एक वडी बाहेर नाही जाणार," ती म्हणाली. "सायबाची जीभ गेली, लोकायचे हात जाऊ नाही द्यायचे. तोडा सगळ्या. कढईत घाला."

आम्ही पास झालेल्या साबणाचा चुरा केला. कढईत पाणी घालून वितळवला आणि मावशीने वरून मोहाचं तेल ओतलं. किती? ते कुठे लिहिलं होतं! थोडं ओतायचं, ढवळायचं, चमचाभर गार करायचं आणि मी जीभ लावायची. चावलं की मी हात वर करायची. आणखी तेल. चावलं, आणखी तेल. सुगंधा दह्याचा वाडगा घेऊन माझ्याशेजारी. शेवटी एका वेळी मी जीभ लावली आणि काहीच झालं नाही. नुसता साबण लागला. घाण, फेसाळ, ओशट, साबणासारखा साबण. मी हात वर केला नाही, तेव्हा सगळ्याजणी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"का झालं? गेली का तुयीही?"

"नाही," मी म्हणाले. "नाही चावला."

डब्यात उरलेल्या तेलावरून, किती ओतलं ते आम्ही मग मोजलं. मोहाच्या तेलाच्या शंभराला अठरा नव्हे, तेरा-साडेतेरा. खोली आजही आमची आहे. कडी दोनदा बदलली. मावशीने गुडाखू सोडला नाही, पण जीभ लावायचं काम माझ्याकडे दिलं. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. असणारच. तिच्यावर काय काय ठेवलंय मी.

पुढे कधीतरी रद्दीत बारावीचं रसायनशास्त्राचं पुस्तक मिळालं. परदेशी शब्दांचं, उसनवारीचं. मी ते कष्टाने वाचलं, एकेक पान चारचारदा. त्यात कळलं की तेलात मेदाम्लं असतात, ग्लिसरीनला बांधलेली. प्रत्येक तेलात वेगळी. काहींना सोडा जास्त लागतो, काहींना कमी. अठरा भाग लागतात ते खोबरेलाला. तुमच्या साहेबांनी कुठल्यातरी समुद्राकाठच्या पुस्तकातून खोबरेलाचं माप उचललं, खोबरेल हा शब्द खोडला आणि त्या जागी स्वतः घडवलेला शब्द बसवला. पुढे "कोणतेही" जोडलं. शब्द एवढा मोठा केला की त्यात सगळी तेलं मावली, तूप मावलं, चरबी मावली.

आणि पुढच्या पानावर त्याच पुस्तकात लिहिलं होतं की साबण हेही मेदाम्लाचंच संयुग असतं. तेलातलं ग्लिसरीन सुटून त्या जागी सोड्याचा अंश बसतो, एवढाच फरक.

मी पुस्तक मिटलं आणि एकटीच हसत बसले. म्हणजे साहेबांच्या शब्दात तेलही बसतं आणि साबणही बसतो. म्हणजे तुमच्या पुस्तिकेप्रमाणे, साबण करायचा असेल तर शंभर भाग साबण घ्यावा.

मी तुम्हाला हे कळवलं. एकदा नाही. दरवेळी तुमच्याकडून उत्तर आलं की विषय परिभाषेचा असल्याने संबंधितांकडे पाठवला आहे. आणि आता ही नवी आवृत्ती. सुगंधाच्या सुनेने परवा प्रशिक्षणातून आणली. पान तेच. कोणतेही मेदाम्लेय, शंभर भाग. दाहक सोडा, अठरा भाग. तिने तिथे उठून विचारलं म्हणे, याचा अर्थ काय. तिला सांगितलं, छान प्रश्न आहे, शेवटी घेऊ.

मी मुद्दाम विचारलं, चिवडा होता का? हो म्हणाली.

तेव्हा आता शेवट झाला असं समजा. चहा झाला, चिवडा झाला, जीप गेली, साहेब निवृत्त झाले. त्यांनी उत्तर दिलं नाही, त्यांना मी माफ केलं, कारण त्यांची जीभ भाजली होती. तुमची तर धड आहे ना?

मग सांगा. मेदाम्लेय म्हणजे काय?